आधी फेस, मग पाथ: हिवाळ्यात सिम्युलेटरवर स्लाइस कसा काढायचा

मिशिगनमध्ये नोव्हेंबर लागला की गोल्फ कोर्स एकेक करून बंद होतात आणि एप्रिलशिवाय नीट उघडत नाहीत. तेवढे महिने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, गॅरेजच्या कोपऱ्यात पडून असतो. मग पहिल्या उबदार शनिवारी सगळे टीवर जमतात आणि बॉल गेल्या वर्षीसारखाच उजवीकडे वळून झाडीत शिरतो. या उजवीकडे वळण्याला स्लाइस म्हणतात. माझं ठाम मत आहे की स्लाइस काढायला हाच बर्फाचा काळ सगळ्यात चांगला. बाहेर खेळताना बॉल कुठे गेला एवढंच कळतं. सिम्युलेटरच्या बेमध्ये, म्हणजे जाळी, पडदा आणि मोजणारं मशीन असलेल्या खोलीत, तो तिकडे का गेला हे आकड्यांत मांडलेलं मिळतं, आणि हरवलेला बॉल शोधायचाही नसतो.

मी मोटारीच्या सुट्या भागांच्या क्वालिटीत काम करते; आधी चाकणला होते, आता डेट्रॉइटजवळ नोव्हायला. आमच्याकडे एखादा भाग नापास करण्याआधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासतात आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलतात. स्लाइसलाही हीच शिस्त लागू पडते. इथल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांबरोबर मी सिम्युलेटरवर उभी राहिले आहे आणि त्यातून ही पद्धत पक्की झाली आहे. खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं धरावं.

पडद्यावरचे दोनच आकडे

प्रत्येक शॉटनंतर पडद्यावर आकड्यांची रांग लागते: कॅरी (बॉलने हवेत कापलेलं अंतर), बॉल स्पीड, लाँच अँगल, स्मॅश फॅक्टर आणि बरंच काही. त्यातले दोन बघा, बाकीचे झाकून टाका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नको ते रकाने बंद करता येतात.

पहिला फेस अँगल. बॉलला लागण्याच्या क्षणी क्लबचा चेहरा टार्गेट लाइनच्या किती अंश उजवीकडे किंवा डावीकडे वळलेला होता, ते तो सांगतो. दुसरा क्लब पाथ. त्याच क्षणी क्लबहेड कुठल्या दिशेने चाललं होतं, ते हा सांगतो. उजवीकडे म्हणजे अधिक, डावीकडे म्हणजे उणे. काही मशीन चिन्हांऐवजी आर आणि एल अक्षरं दाखवतात. स्लाइस मारणाऱ्याचा पाथ जवळजवळ नेहमी उणे असतो, म्हणजे क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येतो.

आता उदाहरण घेऊ. फेस +२, पाथ –६. दोन्हींतलं अंतर ८ अंश. ड्रायव्हरने मारलेला बॉल सुटताना साधारण ८५ टक्के फेसचं ऐकतो आणि उरलेलं पाथचं. त्या हिशेबाने हा बॉल जेमतेम १ अंश उजवीकडे निघेल, मारणाऱ्याला वाटेल अगदी सरळ गेला, आणि मग फेस आणि पाथमधल्या त्या ८ अंशांमुळे उजवीकडे वळत वळत निघून जाईल. आता फेस –१, पाथ –७ घ्या. बॉल डावीकडे निघतो आणि उजवीकडे परततो. फेस +५ आणि पाथ ० असेल तर तो उजवीकडेच निघतो आणि आणखी उजवीकडे जातो. तिन्हींना आपण स्लाइसच म्हणतो, पण औषध तिन्हींना एक नाही. तिसऱ्या प्रकारात पाथला हातच लावायचा नसतो.

जुने खेळाडू याच्या उलट सांगतील: बॉल स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेसच्या दिशेला वळून संपतो. पिढ्यान् पिढ्या असंच शिकवलं गेलं. डेन्मार्कची ट्रॅकमन कंपनी २००३ मध्ये सुरू झाली, रडारने बॉल आणि क्लब दोन्ही मोजता यायला लागले, आणि मग सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. जुन्या समजुतीवर सराव केला की माणूस भलतीच गोष्ट दुरुस्त करत बसतो. म्हणून मी याच्यावर एवढा जोर देते.

तिसरा एक आकडा निकाल म्हणून बघायला हरकत नाही: स्पिन अ‍ॅक्सिस. बॉल फिरताना त्याचा आस किती कलला आहे, ते तो दाखवतो. ढोबळ हिशेब असा की दर ५ अंशांच्या कलाला प्रत्येक १०० यार्डांमागे बॉल साडेतीन यार्ड बाजूला सरकतो. म्हणजे अ‍ॅक्सिस २० अंश उजवीकडे आणि कॅरी २०० यार्ड असेल तर बॉल सुटलेल्या रेषेपासून २८ यार्ड बाजूला पडणार. फेअरवेच्या मधोमध नेम धरला असेल तरी तो रफमध्ये, म्हणजे बाजूच्या वाढलेल्या गवतात, गेलाच.

आधी गेज तपासा

भाड्याच्या बेमध्ये शिरल्या शिरल्या ड्रायव्हर काढू नका. पाच मिनिटं मशीनला द्या.

सगळ्यात जास्त फसवणूक निशाण्याची होते. बऱ्याच खोल्यांत बॉल ठेवायची जागा पडद्याच्या बरोबर समोर नसते. डावखुऱ्यांनाही जागा मिळावी म्हणून ती एका बाजूला सरकवलेली असते. आपण पडद्यावरच्या झेंड्याकडे बघून उभे राहतो आणि मशीनची रेषा मात्र भिंतीला समांतर असते. मग आकडे दोन-तीन अंशांनी हलतात. तिथल्या माणसाला विचारा की मशीन कुठली दिशा शून्य धरतं, आणि त्या रेषेत मॅटवर एक अलाइनमेंट स्टिक, म्हणजे दिशा दाखवणारी सरळ काठी, ठेवा. सराव संपेपर्यंत ती उचलायची नाही.

इथे एक सोय आहे आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. निशाणा ३ अंशांनी चुकलेला असेल तर फेस आणि पाथ दोन्ही आकडे सारखेच, ३ अंशांनी, चुकतात. त्यामुळे त्यांची वजाबाकी बरोबरच येते. बॉल किती वळणार हे ती वजाबाकीच ठरवते. काही मशीनवर ती (फेस वजा पाथ) आयती मिळते, फेस टू पाथ या नावाने. सुरुवातीचे काही आठवडे मी त्या एकाच आकड्यावर विश्वास ठेवायला सांगते. स्पिन अ‍ॅक्सिसवरही आडव्या निशाण्याचा परिणाम होत नाही, पण बॉलच्या शेजारी जमिनीवर ठेवायचं यंत्र तिरकं बसलं असेल तर तो बिघडतो. यंत्राखालची जमीन सपाट आहे ना, तेवढं बघा.

दुसरा प्रश्न: समोरचं मशीन काय मोजतं आणि काय अंदाजाने काढतं? कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रं बॉलची स्पिन थेट फोटोंतून वाचतात, पण त्यांतली साधी मॉडेलं क्लबचं काहीच मोजत नाहीत. काहींना फेस अँगल वाचायला क्लबच्या फेसवर छोटे चमकणारे ठिपके चिकटवावे लागतात. रडारवाली यंत्रं बॉलच्या मागे, साधारण सहा ते आठ फुटांवर ठेवतात, आणि त्यांना पुढेही बॉल उडताना दिसायला जागा लागते. लहान खोलीत त्यांची स्पिन बऱ्याचदा गणिताने काढलेली असते. रडारला स्पिन वाचता यावी म्हणून खास खुणा असलेले बॉल मिळतात. घरी रडार असेल तर एक डबा घेऊन ठेवा. क्लबचे आकडे न देणारं मशीन असलं तरी काम अडत नाही. बॉल सुटल्याची दिशा म्हणजे जवळजवळ फेस, आणि स्पिन अ‍ॅक्सिस म्हणजे फेस आणि पाथमधला फरक. एवढ्यावर सगळा सराव होतो.

सॉफ्टवेअरमध्ये वारा शून्यावर ठेवा आणि साधी ड्रायव्हिंग रेंज निवडा. छत बघा. इथल्या बऱ्याच घरांचं बेसमेंट आठ फुटांच्या आसपास असतं आणि त्यात ड्रायव्हर फिरवू नये. छताला लागला नाही तरी लागेल या भीतीने शरीर आपोआप आखडतं आणि नवीनच सवय लागते. ड्रायव्हरला नऊ-दहा फूट हवेत. घरी सेव्हन आयर्न या आखूड क्लबचा अर्धा स्विंग करा, ड्रायव्हरसाठी बे घ्या.

आजची स्थिती लिहून काढा

अंग मोकळं झालं की सेव्हन आयर्नने दहा आणि ड्रायव्हरने दहा बॉल मारा, नेहमीसारखे, काहीही सुधारायचा प्रयत्न न करता. फसलेला बॉल यादीतून काढायचा नाही. दहाचे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि मधला, म्हणजे पाचव्या आणि सहाव्याच्या मधला, घ्या. एखाद्या अगदी वाईट शॉटमुळे सरासरी हलते, मधला आकडा हलत नाही. त्याच्याबरोबर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्तही लिहा. फेस टू पाथ +६ ते +९ मध्ये राहत असेल तर सवय पक्की आहे आणि एका बदलाने ती हलेल. तोच –२ ते +१२ असा भरकटत असेल तर आधी ग्रिप आणि तोल सांभाळा, बाकीचं नंतर.

याच वेळी बॉल फेसवर कुठे लागतो तेही बघा. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर ठळक ठिपका काढा, ठिपका फेसच्या बाजूला करून बॉल टीवर, म्हणजे त्याच्या खुंटीवर, ठेवा आणि मारा. फेसवर ठसा उमटतो. तो हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या (दांड्याच्या) बाजूला असेल तर फेस आणि पाथ जुळलेले असूनही बॉल उजवीकडे वळतो. ड्रायव्हरच्या डोक्याचं वजन फेसच्या बरंच मागे असतं. हीलला लागलं की डोकं एका बाजूला फिरतं आणि बॉलला उलटी फिरकी देतं. अशा माणसाने ग्रिप बदलत बसण्यात अर्थ नाही. त्याने बॉलच्या थोडं लांब उभं राहावं, वजन पंजांच्या टोकांवर न टाकता तळपायाच्या मध्यावर ठेवावं आणि ठसा मधोमध येईपर्यंत हळू मारावं. माझ्या पाहण्यात ड्रायव्हरचा स्लाइस असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा ठसा हीलकडे असतो, आणि ते त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

बेमधल्या रबरी टीची उंचीही बघा. बॉलचा अर्धा भाग ड्रायव्हरच्या वरच्या कडेच्या वर दिसला पाहिजे. मशीनपाशी दोन-तीन उंचींच्या टी ठेवलेल्या असतात, त्यांतली योग्य ती लावून घ्या.

फेस: इथेच खरी लढाई

पाथ दुरुस्त करायची घाई सगळ्यांना असते, कारण व्हिडिओत बाहेरून आत येणारा क्लब डोळ्यांना खुपतो. तरीही फेस आधी. कारण असं: बॉल वर्षानुवर्षं उजवीकडे जातोय, म्हणून शरीराने डावीकडे मारायला शिकून घेतलंय. बाहेरून आत येणारा पाथ ही शरीराने शोधलेली तोड आहे. फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, ठेवून पाथ सुधारला तर बॉल सरळ उजवीकडच्या घरांवर जाईल आणि दोन शॉटांत शरीर जुन्या वाटेला परत येईल. फेस बंद झाला आणि बॉल डावीकडे जायला लागला की डावीकडे कापायचं कारणच उरत नाही.

सुरुवात ग्रिपपासून. डावा हात तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी धरा. क्लब बॉलमागे ठेवून खाली बघितलं की डाव्या हाताची दोन ते तीन पेरं, म्हणजे बोटांच्या मुळाशी मुठीवर येणारे उंचवटे, दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर तिथेच उत्तर मिळालं. अंगठा शाफ्टच्या मधोमध न ठेवता किंचित उजवीकडे. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली व्ही उजव्या खांद्याकडे बघेल असा हात जरा खालून येऊ द्या. क्लब न फिरवता हात फिरवायचे, हे महत्त्वाचं. पुष्कळ जण हातांबरोबर क्लबही फिरवतात आणि फेस होता तिथेच राहतो.

ग्रिपच्या बाबतीत जुने नामवंत गोल्फर बेन होगन यांचा दाखला फार दिला जातो. आमच्या घरापासून जवळच असलेल्या ओकलंड हिल्सवर त्यांनी १९५१ ची यू. एस. ओपन जिंकली, म्हणून इकडे त्यांचं नाव जास्तच आदराने घेतात. पण होगन आयुष्यभर झगडले ते हुकशी, म्हणजे डावीकडे पळणाऱ्या बॉलशी. त्यांची डावा हात उघडणारी ग्रिप त्या दुखण्यावरचा उपाय होता. स्लाइसवाल्याने ती उचलली तर त्याचं दुखणं वाढतं.

मग मनगट. बॅकस्विंगच्या टोकाला डाव्या हाताची पाठ मनगटाशी मागे मुडपलेली असेल, तिथे खड्डा दिसत असेल, तर फेस उघडतो. हे काढायची हालचाल शब्दांत सांगणं कठीण, पण बजाज चेतक चालवलेल्या माणसाला मी एका वाक्यात सांगते. चेतकचा गिअर डाव्या मुठीत असायचा. पहिला वर, मग दुसरा, तिसरा, चौथा खाली. चौथा टाकताना डाव्या हाताची पेरं पुढून खाली जातात आणि मनगटाची पाठ सपाट होऊन किंचित बाहेर फुगते. डाउनस्विंग सुरू होताना डाव्या मनगटाने नेमकं तेच करायचं: पहिल्यातून चौथ्यात. हात कमरेच्या उंचीला येईपर्यंत चौथा पडलेला असला पाहिजे. चेतक न चालवलेल्यांनी डाव्या हाताच्या घड्याळाची तबकडी डाउनस्विंगमध्ये जमिनीकडे वळवायची, असं समजावं.

सराव सेव्हन आयर्नने, अर्ध्या स्विंगने, निम्म्या जोराने. हात मागे कमरेपर्यंत, पुढे कमरेपर्यंत, बस्स. बॉल ७०-८० यार्ड गेला तरी चालेल. पडद्यावर फक्त फेस टू पाथ बघा आणि तो उणे करा. शून्यावर थांबू नका, ओलांडून पलीकडे जा. –३, –५, –८, मागाल तेवढा वळवता आला पाहिजे. इथे सिम्युलेटरचा खरा उपयोग होतो. रेंजवर बॉल डावीकडे गेला की शेजारचे बघतात आणि माणूस लाजून हात आवरता घेतो. जाळीत तो दहा फुटांवर थांबतो.

माझे दीर इथेच डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतात. त्यांच्याबरोबर बेमध्ये होते तेव्हाचं सांगते. ग्रिप बदलून झाली होती, चौथा गिअर दोन-तीनदा हवेत टाकून झाला होता. त्यांनी मारलेला बॉल पडद्यावर डावीकडे निघाला आणि आणखी डावीकडे वळून तलावात गेला. फेस टू पाथ –४.

“वहिनी, हे तर आणखीच बिघडलं!”

“भाऊजी, मघाशी अधिक सात होतं. हाच बॉल हवा होता. असेच अजून मारा.”

“सगळे तलावात घालू?”

“सगळे घाला.”

ते मारत राहिले. थोड्या वेळाने मी पडद्यावरचा पाथचा रकाना उघडला. त्याच्याबद्दल मी एक अक्षरही बोलले नव्हते, तरी –८ वरून तो –५ वर आला होता. बॉल डावीकडे जातोय म्हटल्यावर शरीर स्वतःहून उजवीकडे सरकायला लागलं होतं. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलेलं आहे, आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

पूर्ण स्विंगला जायची घाई नको. अर्ध्या स्विंगमध्ये दहापैकी आठ बॉल डावीकडे वळले की पाऊण स्विंग. तिथे आठ आले की पूर्ण. मग फाइव्ह वुड किंवा हायब्रिड, आणि शेवटी ड्रायव्हर. क्लबचा लॉफ्ट (फेसचा वरच्या बाजूला असलेला कल) जितका कमी तितका तोच फेस-पाथचा फरक जास्त वळण देतो, म्हणून वेज हा जास्त लॉफ्टचा क्लब सरळ जाणाऱ्याचाही ड्रायव्हर स्लाइस होतो. आयर्नच्या –२ वर खूश होऊन लगेच ड्रायव्हर उचलला तर निराशा पदरी येते.

मग पाथ

एवढं झाल्यावर पाथचं काम हलकं होतं. ड्रायव्हरचा बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला ठेवतात, आणि तिथे पोहोचायला उजवा खांदा नकळत पुढे येतो. खांदे डावीकडे बघायला लागले की क्लबही तिकडेच जाणार. उभं राहिल्यावर क्लब छातीवर आडवा धरा आणि खालच्या अलाइनमेंट स्टिकशी जुळवा. खांदे जुळले नाहीत तर उजवा खांदा किंचित खाली आणि मागे घ्या.

तरीही पाथ –५ च्या पलीकडे असेल तर उजवा पाय अर्धं पाऊल मागे घेऊन मारा. त्याने पाठ टार्गेटकडे वळलेली राहायला जागा मिळते आणि क्लब आतून येतो. दुसरा उपाय डब्याचा. सीरियलचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका बॉलच्या साधारण फूटभर मागे आणि टार्गेट लाइनच्या जरा पलीकडे ठेवा. बाहेरून येणारा क्लब खोक्याला लागतो. आतल्या खोलीत यासाठी लाकूड, प्लास्टिकची काठी किंवा दुसरा बॉल कधीही वापरू नका. पडदा फाटेल किंवा काहीतरी उसळून अंगावर येईल.

वरून खाली येताना पहिली हालचाल खांद्यांची झाली की सगळं बाहेर फेकलं जातं. टोकाला क्षणभर थांबा, वजन डाव्या पायावर येऊ द्या, हात खाली पडू द्या, आणि मगच फिरा. हे तीन-चार वेळा हवेत करून मग बॉल मारावा.

पाथ शून्य व्हायलाच हवा असं नाही. –२, –३ वर आला आणि फेस टू पाथ ±२ च्या आत राहिला की थांबा. हलका फेड, म्हणजे किंचित उजवीकडे वळणारा बॉल, हा उत्तम शॉट आहे. जॅक निकलॉस आणि ली ट्रेव्हिनो यांनी त्याच्यावर मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या.

नवीन ड्रायव्हर घ्यावा का, हे मला फार विचारतात. सवय बदलायच्या आधी नको. एक बदल मात्र फुकटात करून बघा: सध्या ९ अंशांचा ड्रायव्हर असेल आणि त्याचा लॉफ्ट बदलता येत असेल तर तो वाढवा. जास्त लॉफ्टने बॉल कमी वळतो, आणि बहुतेक अ‍ॅडजस्टेबल ड्रायव्हरमध्ये लॉफ्ट वाढवला की फेसही थोडा बंद होतो. हीलकडे वजन सरकवायची सोय असेल तर तीही वापरा, पण तिची नोंद वहीत वेगळी करा, नाहीतर कुठल्या बदलाने काय झालं ते समजणार नाही.

मॅट, कोपर आणि एक तास

सिम्युलेटरवर बॉलमागून बॉल येत राहतो आणि माणूस मारत सुटतो. मॅट कडक असते, आयर्नचा प्रत्येक धक्का कोपरापर्यंत जातो. कोपराच्या आत किंवा बाहेर दुखायला लागलं की त्या दिवशी बंद. आयर्नसाठी छोट्या टीवर बॉल ठेवला तर धक्का कमी बसतो. मॅटवर आणखी एक धोका आहे: बॉलच्या आधी मॅटला लागलेला क्लब घसरून पुढे जातो आणि शॉट बरा दिसतो. गवतावर तोच शॉट मातीत रुतला असता. म्हणून आवाजाकडे लक्ष ठेवा. आधी थप्प आणि मग टक् असा आला तर तो शॉट चांगल्यांत मोजायचा नाही.

एक तास असेल तर पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करायला आणि मशीन तपासायला, पुढचा अर्धा तास एकाच कामाला, आणि उरलेला वेळ आकडे बंद करून खेळायला. त्या शेवटच्या वेळात दर बॉलला क्लब बदला, निशाणा बदला, मॅटवरून खाली उतरून पुन्हा या. कोर्सवर एकच शॉट सलग वीस वेळा मारायला मिळत नाही, त्यामुळे फक्त तसाच सराव झाला तर तो बाहेर टिकत नाही. मार्चमध्ये तर मी पूर्ण अठरा होल पडद्यावर खेळायला सांगते, दर शॉटला एकच बॉल.

एप्रिलमध्ये बाहेर

पहिल्यांदा सरळ कोर्सवर जाऊ नका, रेंजवर जा. थंडीत बॉल कमी लांब जातो, त्यामुळे यार्डांकडे बघायचं नाही. पाऊण जोराने मारा आणि मशीनचं काम डोळ्यांनी करा. बॉल कुठे सुटला हे बघितलं की फेस कळतो. नंतर किती वळला यावरून फेस आणि पाथमधलं अंतर कळतं. डावीकडे सुटून उजवीकडे वळला तर फेस जवळजवळ ठीक आहे, पाथ फार डावीकडे आहे; खांदे तपासा. उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे गेला तर फेस उघडा आहे. ग्रिप आणि चौथा गिअर. सरळ सुटून उजवीकडे गेला तर दोन्ही थोडे थोडे, आधी फेस. यातलं काहीच जुळत नसेल तर मार्करचा ठिपका काढा, बहुधा हील निघेल.

कोर्सवर जमीन सपाट नसते हेही लक्षात ठेवा. बॉल पायांच्या खालच्या पातळीवर असेल तर तो उजवीकडे जायला बघतो. तिथे उजवीकडे गेलेल्या शॉटवरून स्लाइस परत आला असं समजून ग्रिप बदलू नका.

फेरीच्या मध्यावर खरोखरच स्लाइस आला तर तिथे स्विंग दुरुस्त करायला जाऊ नका. ग्रिपची पेरं मोजा, खांदे जुळवा, आणि तरीही वळत असेल तर उरलेल्या होलवर डावीकडे निशाणा धरून तोच शॉट खेळा. स्कोअरकार्डच्या कडेला मात्र प्रत्येक टी-शॉटपुढे दोन बाण काढून ठेवा, एक बॉल कुठे सुटला त्याचा आणि एक कुठे वळला त्याचा. पुढच्या वेळी बेमध्ये गेलात की आधी ते कार्ड काढा आणि त्यावरून फेसवर बसायचं की पाथवर ते ठरवा.